सीडी, डीव्हीडी, एसएसीडी की ब्लू-रे? लाइव्ह कॉन्सर्टचा आवाज नेमका कशावर चांगला?

गेल्या दिवाळीत काकांचा फोन आला. ते नाशिकचं मोठं घर सोडून पुण्यात टू बीएचके फ्लॅटमध्ये येणार होते आणि काकूने सामानाला मर्यादा घालून दिली होती. डिस्कसाठी एकच कपाट, तेही छोटं. काकांकडे तर वीस-पंचवीस वर्षांत जमवलेल्या लाइव्ह कॉन्सर्टच्या डिस्कचा ढीग आहे. गंमत म्हणजे एकाच कॉन्सर्टच्या दोन-दोन, तीन-तीन डिस्क. आधी सीडी घेतली, मग डीव्हीडी आली म्हणून ती घेतली, मग कुणीतरी परदेशातून येताना एसएसीडी आणून दिली. "अगं, तू इंजिनिअर ना? मग सांग, यातलं काय ठेवू आणि काय देऊन टाकू."

मी फोनवरच निकाल दिला. "सोपं आहे काका. जिचे आकडे मोठे ती ठेवा. सीडी सगळ्यात जुनी, १६ बिटची. ती पहिली काढा."

हा सल्ला चुकीचा होता, आणि तो ऐकून काका एक चांगली डिस्क रद्दीत घालणार होते. ते कसं टळलं आणि मी त्यातून काय शिकले, ते आज सांगते. तुमच्याकडे एकही डिस्क नसली तरी वाचा. कारण तुमच्या म्युझिक ॲपमध्ये जो 'हाय-रेस' किंवा '२४ बिट'चा बिल्ला दिसतो आणि ज्यासाठी कधीकधी महागडे इअरफोन घ्यायला सांगतात, ते सगळे आकडे या डिस्कच्या जगातूनच आले आहेत.

आधी सीडीचं गणित

सीडी १९८२ साली जपानमध्ये बाजारात आली. तिच्यात आवाज साठवताना दर सेकंदाला ४४,१०० वेळा त्याची उंची मोजतात आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटमध्ये लिहितात. डावा-उजवा मिळून सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट होतात. ४४,१०० हा विचित्र आकडा आला कुठून? तेव्हा डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेप वापरायचे. टीव्हीच्या रेषा आणि फ्रेम यांच्या हिशोबात हा आकडा नीट बसत होता, म्हणून तोच कायम झाला.

यातले दोन आकडे दोन वेगवेगळी कामं करतात आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. सेकंदाला किती वेळा मोजलं यावर ठरतं की किती बारीक, म्हणजे किती उंच पट्टीचा आवाज पकडता येईल. नियम असा की मोजण्याचा वेग ज्याच्या दुप्पट आहे तिथपर्यंतचा आवाज पूर्ण पकडता येतो. म्हणजे सीडीला साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंत. माणसाचा कान धडधाकट असताना २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि वय वाढेल तसा हा आकडा खाली येतो. मी २८ वर्षांची आहे, मला साडेसोळाच्या पुढे काही कळत नाही. काकांचं दहाच्या आसपास संपतं. (हे घरी तपासायला टोन जनरेटर नावाची फुकट ॲप्स आहेत. आवाज हळू ठेवून करा.)

बिटचं काम वेगळं. ते ठरवतं की सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात किती अंतर मावेल. एका बिटला साधारण ६ डेसिबल धरतात, म्हणजे १६ बिटला ९६ डेसिबल आणि २४ बिटला १४४. या १४४ वर जाऊ नका. इतकं अंतर प्रत्यक्षात देणारा ना मायक्रोफोन आहे, ना ॲम्प्लिफायर.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. इंटरनेटवर असं चित्र फिरतं की सीडीतला आवाज पायऱ्या-पायऱ्यांचा असतो आणि हाय-रेसचा गुळगुळीत. हे चूक आहे. प्लेअरमधून बाहेर पडणारी लहर सीडीचीही गुळगुळीतच असते. मोजलेल्या बिंदूंमधून मूळ लहर पुन्हा उभी करणं हेच तर त्या सर्किटचं काम आहे.

आता कॉन्सर्टच्या हॉलमध्ये चला

स्टुडिओत भिंतींना फोम लावून सगळं शांत करतात. कॉन्सर्टमध्ये तसं नसतं. अगदी शांत बसलेल्या सभागृहातही एसी, खुर्च्या, श्वास, खोकला मिळून ३०-४० डेसिबलचा थर कायम असतो. डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात मांडवात बसला असाल तर तंबोऱ्याच्या मागे कायम सुरू असलेली ती माणसांची कुजबुज तुम्हाला आठवेल. दुसऱ्या टोकाला रॉक कॉन्सर्टमधला ड्रमचा ठोका ११०-१२० डेसिबलपर्यंत जातो. म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्यात अंतर पडलं फार तर ८०-९० डेसिबलचं. ते सीडीच्या ९६ मध्ये मावतं.

त्यात जुने कॉन्सर्ट टेपवर रेकॉर्ड झालेले असतात, आणि टेपला स्वतःची सळसळ असते. हाय-फायवाल्यांचा एक लाडका अल्बम आहे, 'जॅझ ॲट द पॉनशॉप'. स्टॉकहोममध्ये स्टॅम्पेन नावाचा जॅझ क्लब आहे. त्या जागी पूर्वी वस्तू गहाण ठेवायचं दुकान होतं, म्हणून अल्बमचं नाव तसं. डिसेंबर १९७६ मध्ये गर्ट पाल्मक्रांट्झ या रेकॉर्डिस्टने तिथल्या दोन रात्री टेपवर घेतल्या. ग्लासांची किणकिण, लोकांच्या गप्पा, सगळं त्यात येतं आणि म्हणूनच तो ऐकताना आपण टेबलाशी बसलोय असं वाटतं. हा अल्बम एलपी, सीडी, एसएसीडी अशा कितीतरी रूपांत पुन्हा पुन्हा निघाला. पण मूळ आहे ती १९७६ ची टेपच. नंतरची डिस्क कितीही मोठी असली तरी त्या टेपवर जे नाही ते तिच्यात येणार नाही. पाच लिटरच्या कॅनमध्ये एक लिटर दूध ओतलं म्हणून दूध वाढत नाही, तसंच.

मग २४ बिट निरुपयोगी का? नाही. रेकॉर्ड करताना ते फार कामाचं आहे, आणि लाइव्हला तर जास्तच. गायकाने अचानक किती जोरात तान घ्यावी हे आधी ठरलेलं नसतं आणि "परत एकदा घ्या" म्हणायची सोय नसते. आवाज मर्यादेच्या वर गेला की डिजिटलमध्ये तो कापला जातो, फाटतो. २४ बिट असले की रेकॉर्डिस्ट पातळी मुद्दाम खाली ठेवून वर भरपूर मोकळी जागा सोडू शकतो. नंतर सगळं नीट बसवून १६ बिटमध्ये आणलं तर काही बिघडत नाही.

बाकीच्या डिस्क थोडक्यात

एसएसीडी, म्हणजे सुपर ऑडिओ सीडी, १९९९ मध्ये सोनी आणि फिलिप्सने आणली. हिची पद्धतच वेगळी. १६ किंवा २४ बिटऐवजी फक्त १ बिट, पण सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा. त्यामुळे जो गोंगाट तयार होतो तो गणिताने कानाच्या पलीकडे, २० किलोहर्ट्झच्या वर ढकलला जातो. ऐकायला छान, पण या १ बिटच्या रूपात मिक्सिंग आणि एडिटिंग करणं फार अवघड. म्हणून बऱ्याच एसएसीडींचं काम आधी साध्या पद्धतीत करून शेवटी १ बिटमध्ये बदललेलं असतं. बहुतेक एसएसीडी 'हायब्रिड' असतात, म्हणजे एकाच डिस्कवर दोन थर, एक साध्या सीडीचा आणि एक एसएसीडीचा. कॉम्प्युटरचा डिस्क ड्राइव्ह दुसरा थर वाचतच नाही.

डीव्हीडी-ऑडिओ २००० च्या सुमारास आली. २४ बिट, स्टिरिओत १९२ किलोहर्ट्झपर्यंत, सहा चॅनल, आणि आवाज न गमावता आकार कमी करणारं कॉम्प्रेशन. कागदावर झकास, बाजारात मात्र चार-सहा वर्षांत बारगळली. काकांकडेही एकच आहे.

आपल्याकडे जास्त दिसली ती साधी डीव्हीडी, चित्रासकट कॉन्सर्टवाली. तिच्याबद्दल पुढे बोलते, कारण खरी गोम तिथे आहे. आणि २००६ पासूनची ब्लू-रे. एका थरात २५ जीबी जागा असल्यामुळे हिच्यात चित्रही येतं आणि २४ बिटचा, काहीही न गमावलेला मल्टिचॅनल आवाजही. हिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, फक्त काकांकडे ब्लू-रे प्लेअर नाही.

मी केलेली टेस्ट, आणि माझी फजिती

काका पुण्यात आले तेव्हा एका कॉन्सर्टच्या तीन डिस्क घेऊन बसलो. नव्वदच्या दशकातली सीडी, नंतरची 'रीमास्टर्ड' हायब्रिड एसएसीडी आणि डीव्हीडी. अल्बमचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण एका डिस्कवरून कुणाला बोल लावायचा नाहीये.

पहिल्यांदा नुसतंच आळीपाळीने ऐकलं. एसएसीडी लगेच आवडली. भरदार, समोर आल्यासारखी. मी विजयी मुद्रेने काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "अगं, ही मोठ्याने वाजतेय."

बरोबर होतं. माणसाच्या मेंदूची ही जुनी खोड आहे, दोन आवाजांत जरा मोठा असेल तो आपल्याला 'चांगला' वाटतो. फरक एखाद्या डेसिबलचा असला तर तो मोठा आहे हे कळतही नाही, फक्त चांगला वाटतो. शोरूममध्ये स्पीकर निवडताना हे लक्षात ठेवा.

मग मी नीट करायचं ठरवलं. एसएसीडीचा थर कॉम्प्युटरवर कॉपी होत नाही, म्हणून काकांच्या प्लेअरच्या मागच्या वायरींतून ऑडिओ इंटरफेसमध्ये २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केला. त्याच फाइलची एक प्रत १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झला उतरवली. म्हणजे आता माझ्याकडे एकच रेकॉर्डिंग दोन आकारांत होतं, मास्टरिंग तेच, आवाजाची पातळी तीच, फरक फक्त फॉरमॅटचा. मग एबीएक्स टेस्ट. यात कॉम्प्युटर तुम्हाला अ ऐकवतो, ब ऐकवतो आणि मग न सांगता त्यातलाच एक ऐकवून विचारतो, हा कोणता? १६ वेळा करायचं. १२ किंवा जास्त बरोबर आले तर खरंच ऐकू येतंय असं म्हणता येतं. नाणं उडवलं तरी ८ बरोबर येतील.

माझे आले ९.

दुसऱ्या दिवशी हेडफोन बदलून पुन्हा केलं. ७.

मला वाटलं माझेच कान वाईट. पण यावर मोठं काम झालंय. २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी एक प्रयोग छापला. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ वाजवताना मध्येच सीडीच्या दर्जाचा, १६ बिट ४४.१ चा टप्पा घुसवायचा आणि ऐकणाऱ्याला कळतंय का बघायचं. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे ४९.८ टक्के. चक्क नाणं. त्यावर टीकाही झाली की त्यातल्या काही डिस्कचं मूळच हाय-रेस नव्हतं, आणि ती टीका रास्त आहे. पुढे २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिले. तेव्हा एकूण बरोबर उत्तरं निघाली ५२.३ टक्के. आधी सराव करून घेतलेल्या लोकांत हे प्रमाण ६० च्या आसपास गेलं. म्हणजे फरक शून्य नाही, पण तो ऐकायला तयारी लागते, आणि तोही दरवेळी सापडत नाही.

मेयर-मोरान यांच्या लेखात एक वाक्य सोडून द्यावं असं नाही. त्यांना स्वतःला जाणवलं होतं की बहुतेक एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ बाजारातल्या सामान्य सीडींपेक्षा खरोखर छान वाजतात. त्यांच्या मते कारण फॉरमॅट नव्हतं. या डिस्क कानसेन गिऱ्हाइकासाठी काढलेल्या, म्हणून त्या काळजीने केलेल्या होत्या.

काकांना टाळ्या ऐकू आल्या

आता उरली खरी तुलना, जुनी सीडी विरुद्ध रीमास्टर्ड एसएसीडी. दोन्हींची सरासरी पातळी सॉफ्टवेअरने सारखी करून घेतली आणि काकांना ऐकवलं, कोणती कोणती ते न सांगता. गाणं संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. टाळ्या सुरू झाल्या तसं म्हणाले, "हे बघ, इथे लोक ओरडतायत. गाण्यापेक्षा टाळ्या मोठ्या कशा होतील?"

ज्यांना १० किलोहर्ट्झच्या वर ऐकू येत नाही त्या काकांनी एका मिनिटात पकडलं. मग मी दोन्हींच्या लहरी स्क्रीनवर उघडून पाहिल्या. जुन्या सीडीची लहर डोंगररांगेसारखी. गिटारची सुरुवात बारीक, मग ड्रमचे सुळके, मग टाळ्यांचं मध्यम पठार. रीमास्टरची लहर विटेसारखी, वरून खालून सपाट.

याला कॉम्प्रेशन म्हणतात. फाइल लहान करायचं ते कॉम्प्रेशन वेगळं, हे आवाजाचं. मोठे आवाज दाबायचे आणि मग सगळंच वर उचलायचं. असं केलं की गाडीत किंवा स्वस्त इअरफोनवर गाणं दणकून ऐकू येतं. पण लाइव्हमध्ये त्याची किंमत सगळ्यात आधी टाळ्यांत दिसते. बँड वाजत असताना दाबून ठेवलेला आवाज, बँड थांबला की सुटतो आणि हॉलमधली माणसं एकदम अंगावर येतात. गाणं हळू असेल तर दोन ओळींच्या मधल्या जागेत हॉलची सळसळ फुगते आणि गायक आला की परत बसते, जणू सभागृह श्वास घेतंय. एकदा हे ऐकू यायला लागलं की मग सुटका नाही. सॉरी.

तर ही मास्टरिंगची करामत आहे, डिस्कची नाही. तोच दाबलेला आवाज सीडीवर घातला असता तर तितकाच वाईट वाजला असता. एकाच हायब्रिड डिस्कच्या दोन थरांतही मास्टरिंग वेगळं असू शकतं. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ची २००३ ची हायब्रिड एसएसीडी हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. अल्बम स्टुडिओतला आहे, पण मुद्दा तोच. तिच्यातला सीडीचा थर स्टिरिओ एसएसीडीच्या थरापेक्षा जास्त दाबलेला आहे हे लोकांनी मोजून दाखवलं. आता अशी डिस्क प्लेअरमध्ये घालून, बटण दाबून थर बदलला की कुणालाही वाटणार, बघा, एसएसीडी किती सरस!

डीव्हीडीच्या मेन्यूतली गोम

काकांची तिसरी डिस्क, डीव्हीडी. हिच्या मेन्यूत आवाजाचे दोन पर्याय होते, 'डॉल्बी डिजिटल ५.१' आणि 'पीसीएम स्टिरिओ'. काका गेली पंधरा वर्षं पहिलाच ऐकत होते, कारण डिस्क घातली की तोच आपोआप सुरू होतो आणि नावही भारदस्त.

डीव्हीडीवरच्या डॉल्बी डिजिटलला सेकंदाला जास्तीत जास्त ४४८ हजार बिट मिळतात, आणि ते सहा चॅनलमध्ये वाटून घ्यायचे. सीडीत दोनच चॅनलना १४ लाख मिळत होते. अर्थात डॉल्बी हुशार आहे. जे कानाला कळणार नाही ते फेकून देतो, एमपीथ्रीसारखाच. एका गिटारवर किंवा गायकावर तुम्हाला फरक सांगता येणार नाही. पण टाळ्या? टाळ्या म्हणजे हजारो छोटे, टोकदार, एकमेकांशी संबंध नसलेले आवाज एकदम. फेकून द्यावं असं त्यात काही सापडतच नाही. म्हणून अशा कोडेकची परीक्षा घेताना टाळ्यांचे नमुने मुद्दाम वापरतात. बिट अपुरे पडले की सुटे सुटे तळहात ऐकू येण्याऐवजी नळ सोडल्यासारखी एकसंध सळसळ ऐकू येते.

डीटीएसला डीव्हीडीवर जास्त बिट मिळतात, साधारण साडेसात लाख किंवा पंधरा लाख. आपल्याकडच्या हाय-फाय दुकानांत ईगल्सच्या 'हेल फ्रीझेस ओव्हर'मधलं 'हॉटेल कॅलिफोर्निया' ऐकवल्याशिवाय डेमो पूर्ण होत नसे. १९९४ ची ती लाइव्ह मैफल, पुढे डीव्हीडीवर डीटीएस ५.१ मध्ये आली. सुरुवातीच्या गिटारनंतरचा तो खालचा ढोल आणि त्यावर उसळलेला श्रोत्यांचा आवाज, लोक त्यावर स्पीकर विकत घ्यायचे. गंमत म्हणजे त्या अल्बममध्ये चार गाणी स्टुडिओतली आहेत. डिस्कवर 'लाइव्ह' दिसलं म्हणून सगळंच लाइव्ह असतं असं नाही.

मग डीव्हीडीत कोणता पर्याय घ्यायचा? दोन स्पीकर किंवा हेडफोन असतील तर पीसीएम. घरात खरोखर पाच स्पीकर लावलेले असतील तर ५.१, आणि इथे मी सीडीच्या विरोधात जाईन. मैफलीत आवाज फक्त समोरून येत नाही. मागची भिंत, बाल्कनीतली शिट्टी, बाजूच्या माणसाची दाद, हे सगळं असतं. मागच्या स्पीकरांतून ते आलं की जो फरक पडतो तो कुणालाही ऐकू येतो, त्याला एबीएक्स लागत नाही. एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ, ब्लू-रे या सगळ्यांचा लाइव्हसाठी खरा फायदा हा आहे. मल्टिचॅनल. बिट आणि किलोहर्ट्झ त्याच्या फार मागे. फक्त काहीकाही डिस्कमध्ये श्रोत्यांसाठी वेगळे मायक्रोफोन लावलेलेच नसतात आणि मागच्या स्पीकरांत नुसता कृत्रिम घुमारा भरतात. तेही टाळ्यांतच कळतं. मागच्या टाळ्या पुढच्यांचीच उशिरा आलेली नक्कल वाटतात.

फोनवर आणताना

सीडी फोनवर आणायची असेल तर दीड-दोन हजारांचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह पुरतो. कॉपी फ्लॅकमध्ये करा, एमपीथ्रीमध्ये नको. एका सीडीला ३००-४०० एमबी लागतात. लाइव्हसाठी याला वेगळं कारण आहे. कॉन्सर्टच्या सीडीत दोन ट्रॅकच्या मध्ये शांतता नसते, टाळ्या एका ट्रॅकमधून दुसऱ्यात सलग जातात. एमपीथ्री मात्र आवाज ११५२ नमुन्यांच्या ठोकळ्यांत कापतो. शेवटचा ठोकळा भरला नाही की उरलेल्या जागी शांतता भरतो आणि सुरुवातीलाही थोडी जोडतो. प्लेअरने ती वगळली नाही तर प्रत्येक गाण्यानंतर टाळ्यांच्या मधोमध एक उचकी लागते. फ्लॅकमध्ये हा प्रश्न येत नाही, ॲपमध्ये 'गॅपलेस' चालू ठेवा म्हणजे झालं.

आणि ब्लूटूथ इअरबड वापरणार असाल तर हा हिशोब बघा. साध्या एसबीसी कोडेकला मिळतात सेकंदाला साधारण ३२८ हजार बिट. तुम्ही ब्लू-रेवरून २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची फाइल आणलीत तरी शेवटच्या दहा सेंटिमीटरच्या प्रवासात ती या बोगद्यातूनच जाणार. एलडॅक असेल तर ९९० हजारांपर्यंत, सिग्नल चांगला असेल तेव्हा. टाळ्या ऐकायच्या असतील तर वायर लावा.

टेस्ट स्वतः करायची असेल तर दोन अल्बम सुचवते. पहिला 'फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को'. ५ डिसेंबर १९८०, वॉरफिल्ड थिएटर, पाको दे लुसिया, अल दी मेओला आणि जॉन मॅकलॉफलिन यांच्या तीन गिटारी आणि त्यांच्या प्रत्येक तुकड्यावर किंचाळणारे श्रोते. शेवटचा ट्रॅक यातही स्टुडिओतला आहे. हॉल कुठे नाहीसा होतो ते ऐका, कान तयार करायला याहून सोपा धडा नाही. दुसरा 'सॅटरडे नाइट इन बॉम्बे'. त्याच मॅकलॉफलिन यांच्या रिमेंबर शक्तीचा, सोबत झाकीर हुसेन, आणि हा आपल्या मुंबईत २००० साली रेकॉर्ड झालेला. तबल्याचा ठोका आणि त्यावरची दाद यांतलं अंतर तुमच्याकडच्या प्रतीत किती उरलंय, ते स्ट्रीमिंगवर, यूट्यूबवर आणि मिळाली तर सीडीवर ऐकून बघा. पातळी आधी सारखी करून घ्या, नाहीतर माझी झाली तशी फजिती होईल.

काकांच्या कपाटाचं काय झालं? आम्ही दोन रविवार घालवले आणि एकाच कॉन्सर्टच्या जितक्या प्रती होत्या त्यांचं फक्त एक हळू गाणं आणि त्याच्या नंतरच्या टाळ्या ऐकल्या. सहा ठिकाणी जुनी सीडी राहिली. चार ठिकाणी एसएसीडी सरळ जिंकली, कारण ती मूळ टेपवरून काळजीने केलेली होती आणि आमच्याकडची सीडी कुठल्यातरी प्रतीच्या प्रतीवरून. डीव्हीडी सगळ्या राहिल्या, काकूला चित्र बघायला आवडतं म्हणून. ती विटेसारखी रीमास्टर्ड एसएसीडी काकांनी मला भेट दिली. प्लेअर मात्र दिला नाही, त्यामुळे सध्या मी तिचा सीडीवालाच थर ऐकतेय.